सत्यनारायणाच्या पूजेतला कम्युनिस्ट

माझे सासरे कम्युनिस्ट आहेत. "होते" म्हटलेलं त्यांना चालत नाही. पक्षाचं कार्ड कधीच मागे पडलं, ज्या बँकेत युनियन चालवली ती बँकसुद्धा दुसऱ्या बँकेत विरघळून गेली, पण बाबा कम्युनिस्टच. मी नारळ फोडला की "कशाला एवढा आटापिटा?" म्हणणार, आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा स्वतःच उचलणार.

सासूबाई गेल्यावर ते पुण्यात एकटे राहिले. एकदा बाथरूममध्ये पडले, मनगट मोडलं आणि शेजाऱ्यांना दार तोडून आत जावं लागलं. मी तडक विमान पकडलं आणि त्यांना इथे परदेशात, पुंगोलच्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आले. नवरा म्हणाला, "ते इथे टिकायचे नाहीत." म्हटलं, "बघतेच कसे टिकत नाहीत ते!" पण सुरुवातीला रोज सकाळी चहाबरोबर एकच वाक्य यायचं, "सूनबाई, मला परत पाठव." त्यांचं तरी काय चुकत होतं? जन्मभर भांडत आलेला माणूस. इथे बस वेळेवर, लिफ्ट चालू, नळाला पाणी. "अगं, या गावात तक्रार तरी कशाची करायची?" म्हणून उसासे टाकायचे. शेवटी त्यांनी एलआरटी नावाची इथली छोटी ट्रेन फार हळू जाते अशी एक तक्रार शोधून काढली, पण तिला कोणी भाव दिला नाही.

मग त्यांना अंकल भेटले. आमच्याच मजल्यावरचे चिनी शेजारी, बाबांच्याच वयाचे, तेही एकटे. दोघं सकाळी कालव्याकाठी फिरायला जायचे आणि येताना खाली कॉफी प्यायचे. बाबांचं इंग्रजी बँकेच्या सर्क्युलरमधलं, अंकलचं इथल्या बाजारातलं. एकमेकांचं निम्मं कळायचं नाही, म्हणून मैत्री फार छान चालली होती. "परत पाठव" बंद झालं. मी मनातल्या मनात अंकलचे पाय धरले.

आणि मग आमच्या कन्येच्या शाळेने इतिहासाचा गृहपाठ दिला. आशियात कम्युनिझमविरुद्ध लढलेलं मर्यादित युद्ध, त्याची कारणं आणि परिणाम. शिवाय दोन वयस्कर माणसांना विचारा की त्या काळाचा त्यांच्या आयुष्यावर काय परिणाम झाला. घरात आयता कम्युनिस्ट! आजोबांनी बाह्याच सरसावल्या.

"मर्यादित युद्ध म्हणजे काय गं?"

तिने वाचून दाखवलं. अणुबॉम्ब वापरायचा नाही, ठरावीक देशाबाहेर पसरू द्यायचं नाही, वगैरे.

"आणि त्यात मरणारा काय, मर्यादित मरतो?" बाबा कडाडले. तिथून जे सुरू झाले ते मी पानं वाढली तरी थांबेनात. कोरिया झालं, व्हिएतनाम झालं, आमटी गार झाली. व्हिएतनामसाठी त्यांनी लक्ष्मी रोडवर मोर्चा काढला होता. पुढे चालणाऱ्या एका मुलीची चप्पल तुटली, बाबांनी आपली दिली आणि स्वतः अनवाणी घोषणा देत चालले. ती मुलगी म्हणजे माझ्या सासूबाई. कन्येने मान वर न करता लिहून घेतलं आणि इथल्या लोकांच्या ढंगात म्हणाली, "सो द इफेक्ट ऑफ द वॉर इज डॅडी, लाह."

म्हणजे बघा. अमेरिका व्हिएतनामात उतरली म्हणून मला हा नवरा मिळाला. त्या युद्धाची झळ कुठवर पोचली हे कोणाला कळायचंच नाही! नवरा म्हणाला, "मी काय परिणाम आहे का?" मी म्हटलं, "दूरगामी."

दुसरी मुलाखत तिने अंकलची घेतली. परत आली ती तोंड एवढंसं करून. अंकल लहानपणी मलायात होते, वडील रबराच्या मळ्यावर. इंग्रज आणि कम्युनिस्ट यांची लढाई पेटली, तेव्हा इंग्रजांनी जंगलाकडेची सगळी वस्ती उठवली आणि काटेरी तारांच्या आत आणून वसवली. जंगलातल्या लोकांना कोणी तांदूळ पोचवू नये म्हणून भातसुद्धा सगळ्यांचा एकत्र शिजवायचा, कोरडा दाणा कोणाला फाटकाबाहेर न्यायची परवानगी नाही. एवढं सगळं, पण त्याला युद्ध म्हणायचं नाही, आणीबाणी म्हणायचं. मी विमा कंपनीत क्लेम बघते, त्यामुळे यातली मेख मला लगेच कळली. युद्धातलं नुकसान पॉलिसीत बसत नाही. मळेवाल्यांची भरपाई अडू नये म्हणून तो शब्द टाळला असं सांगतात. माझा विश्वास आहे. आमच्या धंद्यात याहून भयंकर शब्द टाळताना मी पाहिलेत.

पण कन्येचं तोंड उतरलं होतं ते वेगळ्याच गोष्टीने. अंकलचा मोठा भाऊ कम्युनिस्टांबरोबर जंगलात गेला आणि परत आला नाही. आई फाटकाशी त्याची वाट बघता बघताच गेली. "ही हेट्स कम्युनिस्ट्स, आई. लाइक, रिअली."

बाबा सोफ्यावर बसून सगळं ऐकत होते. म्हणाले, "उद्या सांगून टाकतो त्यांना."

"काही नको! झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मी कोण आहे ते लपवून त्यांच्याबरोबर कॉफी पिऊ?"

"लपवू नका, थोडं सौम्य करा. समाजवादी म्हणा."

"समाजवादी?" बाबांचा चेहरा असा झाला, की जणू मी त्यांच्या ताटात झुरळ वाढलंय. "त्यापेक्षा शिवी दे सरळ!"

तर म्हातारबुवा ना सांगेनात, ना फिरायला जाईनात. गुडघा दुखतो म्हणून बसून राहिले. अंकल दारात येऊन "वेअर इज पापा?" विचारायचे, मी गुडघ्याचं सांगायचे, ते मलमाची डबी देऊन जायचे. आणि एका सकाळी चहाबरोबर ते वाक्य परत आलं, "सूनबाई, मला परत पाठव." मला रडूच फुटलं. परत कुठे? त्या तोडलेल्या दाराच्या घरात?

माणूस मेटाकुटीला आला की बुद्धी गहाण पडते. मी सत्यनारायण घातला. माझं गणित सरळ होतं. अंकलना पूजेला बोलवायचं, बाबांना गंध लावून समोर बसवायचं. घंटा वाजवणारा म्हातारा कम्युनिस्ट आहे अशी शंका जगात कोणाला येईल? पुढेमागे कन्येच्या तोंडून काही निसटलंच, तर अंकल म्हणतील, छे, चुकून बोलली पोर. नवरा म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण आहे हे." पण ऐकते कोण? मी टेक्काच्या भारतीय बाजारातून केळीचे खांब आणले, सव्वाच्या मापाने रवा-तूप घेतलं, आणि पुण्याच्या गुरुजींना टीव्हीच्या पडद्यावर बसवलं.

बाबा का तयार झाले हे मला कळलं नाही. निमूटपणे गंध लावून घेतलं, घंटा हातात घेतली. अंकल इस्त्रीचा शर्ट घालून संत्री घेऊन आले आणि खुर्चीत ताठ बसले. सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं. मग गुरुजी कथेला लागले. एका वाण्याने आपल्या होडीत काय आहे ते खोटं सांगितलं आणि सगळा माल नाहीसा झाला. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदाच ही कथा नीट ऐकली असावी, एरवी ते शिऱ्याच्या वेळेलाच उगवायचे. त्यांनी घंटा खाली ठेवली.

"मिस्टर," ते अंकलना म्हणाले, "आय अ‍ॅम अ कम्युनिस्ट. फ्रॉम माय कॉलेज डेज, अँड टिल टुडे. धिस होल फंक्शन इज माय डॉटर-इन-लॉज ड्रामा."

नवऱ्याच्या हातातली पळी पंचपात्रासकट सांडली. पडद्यावरून गुरुजी, "यजमान, आवाज तुटतोय का?" मी म्हटलं, "नाही हो गुरुजी, चांगला स्वच्छ येतोय."

अंकल बाबांकडे बघत राहिले. चेहरा दगड. मग विचारलं, "यू शूट पीपल, आह?"

"नो, नो. ओन्ली शाउटिंग. प्रोसेशन."

"वेअर? जंगल?"

"नो जंगल. लक्ष्मी रोड."

"शाउटिंग ओन्ली?" अंकलना हसू आलं. खुर्ची हलायला लागली, डोळे पुसायची वेळ आली. कन्याही हसली, मीही सुटल्यासारखी हसले. बाबांना मात्र हसू येईना. जन्मभराचं राजकारण असं दोन शब्दांत मोजलं गेलेलं कोणाला आवडेल?

मग अंकलचं हसू ओसरलं. हातातल्या संत्र्याकडे बघत ते म्हणाले, "माय ब्रदर ऑल्सो. फर्स्ट टाइम, शाउटिंग ओन्ली."

बाबा उठले, आणि कसेबसे अंकलच्या पायांपाशी जमिनीवर टेकले. "व्हॉट वॉज हिज नेम?"

अंकलनी नाव सांगितलं. बाबांना ते म्हणता येईना. कन्येने सांगितलं, तरी त्या चिनी नावातला वर जाणारा सूर त्यांच्या जिभेला सापडेना. अंकल म्हणाले, आई गेल्यापासून हे नाव कोणी घेतलंच नव्हतं. मग आरती राहिली बाजूला, शिरा गार झाला, आणि एक म्हातारा दुसऱ्या म्हाताऱ्याला एका मुलाचं नाव शिकवत बसला.

अंकल गेल्यावर मी भांडी आवरत होते. बाबा ओट्याशी येऊन उभे राहिले. गंध तसंच होतं. "कोरिया, मलाया, व्हिएतनाम," ते म्हणाले, "सगळ्यांसाठी घसा फोडला गं. त्यातल्या एकाचंही नाव मला माहीत नव्हतं." मी नळ बंद केला.

सकाळी उठले तर बाबा चहाला थांबलेच नव्हते. कॉरिडॉरमध्ये येऊन वाकून पाहिलं. खाली दोघं कालव्याच्या दिशेने चालले होते, बाबा मोठ्याने ते नाव म्हणत होते, आणि अंकल हात झटकून सांगत होते, "नो, नो. रॉंग, लाह. अगेन."