दिवडाची बढती

आईशप्पथ सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. म्हणजे, बहुतेक. साप धरणाऱ्यांचे किस्से बांधातल्या अंड्यांसारखे असतात. एक उकरायला जावं तर खाली ढीग. त्यात शिरोळचा आकाराम जोडीला असल्यावर बघायलाच नको. सायकलींची पंक्चर काढायचा आणि साप धरायचा. नव्वदच्या दशकात लूना माझी, पोतं त्याचं.

*

निरोप यायचा तो हमखास नागाचा. जाऊन बघावं तर दिवड! अंगावर सोंगट्यांच्या पटासारखे चौकोन, पाण्याकाठी राहणारा, बेडूक-मासे खाणारा, विषाचा थेंब नसलेला साप. पण चिडला की मान अशी चपटी करतो की फणाच वाटावा. एका घरी तर आम्ही पोचेपर्यंत पूजा मांडून झालेली. दिवड आहे म्हटल्यावर घरमालकाचा चेहरा पडला. "मग आता ह्या नारळाचं काय करू?"

"चटणी करा की," आकाराम म्हणाला.

*

शाळेत सापांची माहिती द्यायला बोलावलं तर तो भाषण करायचा नाही. दिवडाला स्वतःच्या हाताला चावू द्यायचा, रक्त पुसायचा आणि म्हणायचा, "बघा, जित्ता हाय." एकदा त्यानं साप हेडमास्तरांपुढे धरला. ते खुर्चीमागं सरकत म्हणाले, "पावणं, मला शुगर हाय!"

*

बांधात अंड्यांभोवती वेटोळं घालून बसलेली एक मादी आम्ही ओढ्यापलीकडे सोडली. सकाळी पुन्हा अंड्यांवर! शेतकरी म्हणाला, "आमच्या हिच्यावानी हाय. म्हायेरी धाडली तरी परत येतीया." हसलो. पुढं पाटाचं पाणी शिरून अंडी गेली. मादी रिकाम्या जागेवर तशीच बसून होती. तेव्हा कुणी हसलं नाही.

*

आकाराम लहान असताना त्याचे वडील नदीत मासे धरताना साप चावून गेले. देवळात नेलं, संध्याकाळपर्यंत संपले. मारलेला साप लोकांनी बाभळीला टांगला होता. त्याच्या अंगावरचे चौकोन पोराच्या ध्यानात राहिले. मोठेपणी पहिला दिवड हातात आला, तेव्हा त्यानं ओळखला.

मी एकदा विचारलं, "मग वडील कशानं गेले?"

"भ्यालं," तो म्हणाला आणि ट्यूबला ठिगळ लावत राहिला.

आई मात्र जन्मभर सांगत आली, धन्याला नाग चावला. घरी आकारामनं कधी दिवड नेला नाही.

*

दोन हजार पाचचा पूर ओसरला आणि म्हातारीच्याच चुलीमागं साप निघाला. आम्ही गेलो तेव्हा दारात अख्खी गल्ली. चौकोन लांबूनच दिसत होते. निम्म्या गल्लीनं शाळेत असलाच साप आकारामच्या हाताला चावताना बघितलेला.

म्हातारी खाटेवर. "आक्या, त्योच रं. तुज्या बापाला चावल्याला. नागच हाय न्हवं?"

गल्ली गप्प.

दिवड नुसत्या हातानं उचलणाऱ्या आकारामनं माझ्याकडून काठी मागून घेतली. लांब उभा राहिला.

"व्हय आई. नागच हाय. पाय वर घे."

नदीवर सोडताना तो सापाला म्हणाला, "जा बाबा, आज तुला बढती मिळाली." हे मी जिथं तिथं सांगतो आणि लोक हसतात. तेवढं मात्र मी रचलंय. आकाराम काहीच बोलला नव्हता.