घाम आणि मागची शिवण

टेपकाकूंना आता गल्लीत कुणी खऱ्या नावानं ओळखत नाही. गळ्यात कायम मोजमापाचा टेप, म्हणून टेपकाकू. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, खिडकीशी कापायचं टेबल, मागच्या दोन खोल्यांत संसार. कुणी बाई दारातून आत आली की काकू तिला एकदा डोक्यापासून पायापर्यंत बघतात आणि मनात आकडा मांडून मोकळ्या होतात. टेप लावायचा तो नुसती रीत म्हणून. हात साफ, तोंड गोड, आणि धंद्याचं एक गुपित. जुने कपडे घट्ट झाले म्हणून कुणी तोंड पाडून आली, की काकू म्हणायच्या, "कापड आटलंय गं. हल्ली मालच असला येतो." मग आतली शिवण हळूच उसवायची, राखून ठेवलेलं जादा कापड सोडायचं, नवी टीप मारायची. बाई हसत घरी. माणसाचं पडलेलं तोंड काकूंना बघवत नाही. हा आपला मोठा गुण आहे, असं त्या अगदी परवापरवापर्यंत समजत होत्या.

त्यांचे यजमान एका कॉलेजात ग्रंथपाल. उंची देताना देवानं जो हात आखडता घेतला, तो रुंदी देताना सैल सोडला होता. माणूस शांत, पुस्तकांत रमणारा, पण चालायचं म्हटलं की जिवावर यायचं. बसथांब्यापासून कॉलेजपर्यंत एक चढ होता, फार मोठा नाही, पोरंसोरं गप्पा मारत चढून जायची. ग्रंथपाल वर पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला, चष्म्यावर वाफ, आणि मानेवरून घामाची धार. मग मागच्या कपाटांच्या आड उभं राहून पुठ्ठ्यानं वारा घेत अंग वाळवायचं आणि तेव्हा कुठे काउंटरवर जाऊन बसायचं. असं वर्षानुवर्षं चाललं होतं. एक दिवस उशीर झाला, वाळायला वेळ मिळाला नाही. एका मुलीला त्यांनी पुस्तक दिलं. तिनं रुमाल काढला, पुस्तकाचं मुखपृष्ठ पुसलं आणि मग ते पिशवीत ठेवलं. त्या संध्याकाळी ग्रंथपाल अर्ध्या ताटावरून उठले.

काकूंचा भाऊ तोंडाचा फटकळ. तो म्हणाला, "दाजी, तुम्ही भर उन्हात अंगावर दोन कोट चढवून फिरताय आणि वर विचारताय घाम का येतो. कोट उतरवा की." कोट म्हणजे चरबी, हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी तेच जरा सभ्य शब्दांत सांगितलं. वजन कमी करा, रोज चाला.

ग्रंथपाल चालायला लागले. सकाळी उजाडता उजाडता बूट चढवायचे, तळ्याला वळसा घालून परत. घरी येत ते नदीतून काढल्यासारखे. महिना गेला. काटा जागचा हलेना. एका सकाळी ते पंख्याखाली खुर्चीत बसले, मान खाली, हात गुडघ्यांवर लोंबकळणारे, आणि फरशीवर थेंब पडत होते. ते म्हणाले, "मला नाही जमायचं हे. माझी हाडंच जाड आहेत."

काकूंनी ते तोंड पाहिलं आणि त्यांच्या हाताला सवयीनं खाज सुटली. ग्रंथपाल कॉलेजात गेल्यावर त्यांनी कपाटातून पँटी काढल्या. मागच्या शिवणीत कापड भरपूर होतं, त्यांनीच राखलेलं. धागा उसवला, बोटाच्या पेराएवढं कापड सोडलं, टीप मारली, वरून इस्त्री फिरवली. ब्रह्मदेवाच्या बापाला कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल आरशासमोर उभे राहिले आणि त्यांनी कमरेत दोन बोटं घातली. मग तीन. "अगं, ऐकलंस का," त्यांनी आतून हाक मारली. आवाज एवढा कोवळा झालेला काकूंनी लग्नानंतर क्वचितच ऐकला असेल. त्या दिवसापासून वजनकाटा पलंगाखाली गेला. काटा बिघडू शकतो, पँट खोटं बोलत नाही, असं त्यांचं मत पडलं. काकू हो म्हणाल्या. पुढे अधूनमधून, उत्साह मावळतोय असं दिसलं की त्या परत शिवण उसवत. खोटं बोलल्याचं त्यांना एकदाही वाईट वाटलं नाही. नवरा शीळ घालत बूट चढवत होता, आणखी काय हवं होतं?

थंडी पडली. गल्लीत स्वेटर दिसू लागले. ग्रंथपालांचा घाम मात्र कमी व्हायचं नाव घेईना. उलट चालायला निघण्याआधीच कपाळ ओलं. घरात पंख्यावरून भांडणं. काकू शाल गुंडाळून मशीनवर बसलेल्या, आणि हे महाशय बनियनवर, खिडक्या सताड उघड्या. "तुला थंडी वाजतेच कशी?" असं विचारताना त्यांचा आवाज चढायचा. हा माणूस पूर्वी मुंगीवरही आवाज चढवत नसे. जेवण दुप्पट झालं. कपबशी आणताना बशी वाजायला लागली. काकूंना वाटलं, वय झालं, दुसरं काय.

गल्लीतल्या बायका म्हणत, "काका किती बारीक झाले हो, छान." काकू मान डोलवत आणि आत जाऊन पदरात तोंड लपवून हसत. सगळ्या गल्लीला चकवलं, याचं त्यांना कौतुक. सैल पँटीत माणूस बारीक दिसतो, एवढं या बायांना कळू नये? दुप्पट जेवणारा माणूस कुठे बारीक होतो? नवऱ्याचं वजन जिथल्या तिथे आहे, हे छातीठोकपणे सांगणारं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि त्याच्या गळ्यात टेप होता.

मग ग्रंथपालांनी पट्टा विकत घेतला. पोटाला काचतो म्हणून जन्मात पट्टा न बांधलेला माणूस, दुकानातून येताना छाती काढून आला. पट्टा आवळल्यावर पँटीला पुढे चुण्या पडल्या, पिशवीचं तोंड बांधल्यासारख्या. काकूंच्या काळजात चर्र झालं. त्यांना वाटलं, आपणच जरा जास्त सोडलं. कुणी शिंप्याच्या नजरेचा माणूस भेटला आणि मागची शिवण बघून हसला, तर यांना कळेल. त्याच दुपारी त्यांनी दार लावून घेतलं आणि सगळ्या पँटी मूळ मापावर आणायला बसल्या. जुन्या टिपेची भोकं कापडावर दिसत होती, त्यावरूनच सुई नेली. सोडलेलं सगळं परत आत घेतलं.

सकाळी ग्रंथपाल पँट चढवताना काकू मशीनच्या आडून बघत होत्या, हातात ओवायची सुई. घट्ट झाली म्हणतील, कुरकुर करतील, तेव्हा काय सांगायचं ते तयार होतं. ग्रंथपालांनी हुक लावला आणि हात सोडला. पँट सरळ खाली घसरून मांड्यांवर थांबली.

"बघ," ते हसले, "अजून उतरलो."

काकूंच्या हातातली सुई कुठे पडली ते त्यांना कळलं नाही. "इकडे या," त्या म्हणाल्या. "नवीन पँटीचं माप घेते." टेप कमरेभोवती फिरला आणि त्याची टोकं एकमेकांना ओलांडून फार पुढे गेली. त्यांनी पुन्हा घेतलं. परत एकदा घेतलं. बनियनखालचं अंग बाहेरच्या गारठ्यात तापलेलं, ओलं होतं, आणि टेपवर टेकलेल्या बोटांना आतली धडधड लागत होती. वर पाहिलं तर गालाची हाडं दिसत होती. ही हाडं कधी वर आली? रोज समोर बसून जेवणाऱ्या माणसाची?

"दवाखान्यात चला," काकू म्हणाल्या.

"का?"

"घामाचं दाखवू."

"कधी नव्हे तो बारीक झालोय, तर तू मला आजारी ठरवायला निघालीस?" ते चिडले. पण काकूंचा चेहरा बघून निघाले. दवाखाना कोपऱ्यावरच होता. तेवढ्या वाटेत ग्रंथपाल एकदा भिंतीला हात लावून थांबले. रस्ता सपाट होता. शर्ट पाठीवर काळा पडला होता. काकूंनी त्यांचा दंड धरला आणि बोटं एकमेकांना टेकली तेव्हा त्यांना रडू फुटायचं बाकी राहिलं.

डॉक्टरबाईंनी काट्यावर उभं केलं आणि मागचा आकडा काढून पाहिला. भुवया वर गेल्या. "बरंच उतरलंय की. कधीपासून?"

"चालायला लागलो तेव्हापासून," ग्रंथपाल म्हणाले. खुर्चीत ताठ बसले होते, परीक्षेत पहिला आलेला पोरगा बसतो तसे. "उन्हाळ्यापासून रोज चालतोय. पहिल्या महिन्यातच पँट सैल पडली. मग हळूहळू, दर महिन्याला थोडी थोडी. एक दिवस चुकवला नाही."

"मग चांगलं आहे. असंच सावकाश उतरायला हवं," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि लिहू लागल्या. "घाम येतो म्हणता, तर पाणी भरपूर प्या. बघू महिन्याभरानं."

काकूंचे हात मांडीवर गोठले. कागदावर पेन फिरत होतं. नवऱ्याच्या तोंडावर जे तेज होतं, ते काकूंनी सुईनं टाके घालून घालून उभं केलेलं होतं. आता बोललं तर ते इथेच, परक्या बाईसमोर, उसवायचं. नाही बोललं तर पेन कागदाच्या तळाशी पोचेल, हा माणूस उठेल, आणि उद्या पुन्हा बूट चढवून तळ्याकडे निघेल. त्यांना बोटांखालची ती धडधड आठवली.

"तसं नाही झालं," त्या म्हणाल्या.

दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"पँटी मी सैल केल्या. मागून उसवून. यांनी चालणं सोडू नये म्हणून." काकू डॉक्टरबाईंकडेच बघत बोलत होत्या, शेजारी बघायची हिंमत नव्हती. "शेवटची उसवली ती थंडीच्या तोंडावर. तेव्हा पँटीचं माप काढायचं म्हणून हे झोपेत असताना टेप लावला होता मी यांना. कंबर तसूभर हलली नव्हती. जे उतरलंय ते सगळं त्यानंतर. दुप्पट जेवून उतरलंय. आणि घाम जाड असताना यायचा त्याच्यापेक्षा जास्त येतोय."

शेजारची खुर्ची जराशी करकरली.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. ग्रंथपालांना हात समोर ताणून धरायला लावले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद थरथरत राहिला. मग नाडी बघितली, घोटभर पाणी प्यायला लावून गळा बघितला. "हे बघा," त्या म्हणाल्या, "वजन जास्त असलं की चालताना घाम जास्त येतो, ते खरंच आहे. भार ओढायचा असतो आणि आतली ऊब लवकर बाहेर पडत नाही. पण वजन एवढं झपाट्यानं उतरतंय आणि उकाडा वाढतोय, हे उलटं आहे. गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी जादा काम करत असावी. आजच रक्त द्या. नाडी फार पळतेय, ती खाली आणायची गोळी आत्ता सुरू करू. आणि मी सांगेपर्यंत चालायला जायचं नाही. हृदयावर ताण येतोय. आणखी महिना असाच गेला असता तर काय झालं असतं, मला सांगता येत नाही."

घरी येईपर्यंत ग्रंथपाल एक शब्द बोलले नाहीत. दिवसभर बोलले नाहीत. काकूंनी ताट वाढलं, ते जेवले. गोळी दिली, ती घेतली. शिव्या दिल्या असत्या तर काकूंना परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू उठल्या तर ग्रंथपाल दारापाशी स्टुलावर बसून बूट चढवत होते. थरथरत्या बोटांत बुटाची नाडी ठरत नव्हती. काकू जाऊन दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"सरक," ते म्हणाले.

"नाही सरकणार."

ते तसेच वाकून बसले. मान वर न करता म्हणाले, "एक खरं सांग. जे उतरलं त्यातलं माझ्या चालण्यानं किती?"

काकूंच्या ओठांवर चटकन गोड काहीतरी आलं. कापड आटलंय म्हणताना यायचं तसंच. ते त्यांनी गिळलं.

"काहीच नाही," त्या म्हणाल्या. "आधीचं माझं. नंतरचं आजाराचं."

ग्रंथपालांनी एक बूट काढला, मग दुसरा. दोन्ही भिंतीशी नीट लावून ठेवले. कपाळावरचा घाम नाकावरून ओघळला, तो त्यांनी पुसला नाही.

"का केलंस?"

"तुम्ही पंख्याखाली मान खाली घालून बसायचात. मला ते बघवत नव्हतं."

"आणि मग तू बघायचंच सोडलंस," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे काकूंना ते जास्त लागलं. "पुढच्या वेळी बघवलं नाही, तरी बघ."

काकू दार सोडून पुढे आल्या आणि त्यांच्यासमोर फरशीवरच बसल्या. गालाची हाडं, ओलं कपाळ, मानेत उडणारी शीर, उतरलेलं तोंड. त्या बघत राहिल्या.