बारा बहारांच्या वर एक रुपया नाही

कुटुंबाच्या ग्रुपवर गेल्या शुक्रवारी अकोल्याहून एक मेसेज आला. ‘मावशीच्या ज्वारीने आईचे किती गेले, ज्याने त्याने मोजा.’ खाली एका बँकेच्या शेअरचा त्या दिवशीचा भाव. मेसेज माझ्या भाच्याचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाचा. त्यावर तुम्ही दोघा नातवंडांनी हसरी तोंडं टाकलीत. मी पाहिली. ही ज्वारी कुठली, हे तुम्हाला माहीत नाही, तरी हसलात. म्हणून लिहिते आहे. मला राग आलेला आहे आणि तो लपवायचा माझा विचार नाही. पण चाळीस वर्षं कॉलेजात शिकवलं आहे, तेव्हा क्रम सोडणार नाही.

ज्वारी माझ्या सासऱ्यांची. शेंदूरजनाघाटला त्यांची संत्र्याची बाग होती. तिथे बाग विकायला निघाली की घेणारे लोक ती फळांनी लगडलेली असताना पाहायला येत, आणि विकणाराही नेमका तेव्हाच बोलवी. सासरे फळांकडे पाहत नसत. ते विचारत, ‘मांगचे दहा बहार सांग.’ दहा वर्षांत बागेनं काय दिलं, गारपिटीचं वर्ष, फूल गळालं ते वर्ष, सगळं. मग प्रत्येक वर्षाच्या रुपयांना त्या वर्षीच्या ज्वारीच्या भावानं भागायचं. बागेनं त्या वर्षी किती क्विंटल ज्वारीएवढं दिलं, ते काढायचं. दहा वर्षांची सरासरी घ्यायची आणि आजच्या ज्वारीच्या भावानं परत रुपये करायचे. त्याच्या बारा पटीपर्यंत बाग घ्यायची. ‘बारा बहारांच्या वर एक रुपया नाही,’ असं ते म्हणत.

हे मला कोणी शिकवलं नाही. माझं अक्षर चांगलं म्हणून सुट्टीत गेले की वही माझ्यापुढे यायची. ते आकडे सांगत, मी लिहीत असे. समजावून सांगायचं ते तुमच्या आजोबांना आणि त्यांच्या भावांना, ओसरीवर, माझ्या डोक्यावरून. मी एम.ए. झालेली होते. एकदा विचारलं, ‘ज्वारीच कशाला, रुपयेच का नाही मोजत?’ तर म्हणाले, ‘तू लिही.’ त्या दोन शब्दांचा राग माझा अजून गेलेला नाही. उत्तर मी लिहिता लिहिता स्वतःच शोधलं. रुपया दरवर्षी लहान होत जातो. दहा वर्षांपूर्वीचा रुपया आणि आजचा रुपया एकाच रांगेत उभे करून सरासरी काढली तर ती खोटी निघते.

आता गेल्या वर्षीची गोष्ट.

बहिणीचा बाळापूर रोडवरचा प्लॉट विकला गेला. तिचे यजमान गेले तेव्हापासून तिला पेन्शन नाही, दुसरं उत्पन्न नाही. प्लॉटचे पैसे म्हणजे तिचं उरलेलं सगळं आयुष्य. औषध, दवाखाना, आणि कुणापुढे हात न पसरता राहण्याची सोय, सगळं त्यातच. तिच्या मुलाच्या मनात आलं की हे सगळे पैसे एका बँकेच्या शेअरमध्ये घालावे. तो वाईट मुलगा नाही. आईची औषधं तो स्वतः आणतो. त्याचे स्वतःचेही पैसे त्याच शेअरमध्ये होते आणि वाढले होते. बहिणीनं मला फोन केला.

‘ताई, तू शिकलेली आहेस. जरा पाहून दे ना. त्यानं माह्यासमोर चेकबुक ठेवलं आहे.’

‘तुला काय वाटतं?’

‘मले काय वाटते, कोणी इचारलंच नाही. तूच पहिली.’

त्या बँकेचा भाव होता एकशे साठ रुपये. आदल्या वर्षी तिनं शेअरमागे वीस रुपये कमावले होते. म्हणजे भाव कमाईच्या आठ पट. भाच्याचं म्हणणं एवढंच, की इतकी मोठी बँक आठ पटीत कुठे मिळते? टीव्हीवरचे लोकही तेच सांगत होते.

मला ते लगडलेल्या बागेसारखं वाटलं. मी बँकेच्या वेबसाइटवरून दहा वर्षांचे वार्षिक अहवाल काढले आणि चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणले. तो म्हणाला, ‘आजी, पीएचडी करून राहिल्या काय?’ मी म्हटलं, ‘हो, पानं मोज.’ चार दिवस जेवणाच्या टेबलावर पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसले. दरवर्षीची शेअरमागची कमाई लिहिली. ज्वारीच्या जागी सरकारचा महागाईचा निर्देशांक घेतला आणि जुन्या वर्षांचे रुपये आजच्या रुपयांत आणले. बेरीज केली, दहानं भागलं.

सरासरी आली सव्वीस रुपयांच्या वर. भाव सरासरीच्या सहा पट. भाचा म्हणत होता त्याहूनही स्वस्त.

मी बहिणीला फोन केला आणि सांगितलं, ‘सहाच पट पडते, स्वस्त दिसते. घ्यायला हरकत नाही.’

दुसऱ्या दिवशी दुपारी अहवालांना क्रमानं टाचण्या लावत बसले होते. सहा वर्षांपूर्वीच्या एका अहवालात एक ओळ दिसली. बँकेनं त्या वर्षी दहा रुपये दर्शनी किमतीच्या एका शेअरचे दोन रुपयांचे पाच शेअर केले होते. म्हणजे त्याआधीच्या चार वर्षांची कमाई पाचपट मोठ्या शेअरची होती. मी ती आजच्या लहान शेअरच्या नावावर तशीच्या तशी चढवली होती.

मला स्वतःची चीड आली, ती आजही येते. कारण हे मला माहीत होतं. सासरे आणि त्यांच्या भावांमध्ये बागेची वाटणी झाली, तेव्हा सासऱ्यांनी जुन्या वह्या काढून मला पुन्हा लिहायला बसवलं होतं. ‘वाटणीआधीची संत्री आपल्या वाट्यापुरतीच धर. नाही तर बाग खोटी दिसते.’ सगळी पानं मी माझ्या हातानं दुरुस्त केली होती. आणि बँकेच्या वेळी तेच विसरले.

त्या चार वर्षांना पाचानं भागलं. सरासरी आली आठ रुपये. एकशे साठ भागिले आठ, वीस पट.

अकोल्याला लगेच फोन लावला. तो भाच्यानं उचलला.

‘पैसे थांबव,’ मी म्हटलं. ‘माझी चूक झाली आहे.’

तो हसला. ‘मावशी, काल घे म्हणे, आज नको म्हणते. तुह्यापेक्षा तो टीव्हीवाला बरा. तो निदान आठवडाभर तरी एक गोष्ट बोलते.’

‘आईला फोन दे.’

‘ते झोपली आहे. अन् तू काहून टेन्शन घेऊन राहिली? इंग्रजी शिकवलं तू आयुष्यभर, बँक नाही चालवली.’

मी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बडनेऱ्याहून गाडी पकडली. मांडीवर अहवालांचा गठ्ठा होता. मूर्तिजापूर येईपर्यंत तीन वेळा बेरीज तपासली. तिन्ही वेळा ऐंशी. दहानं भागले की आठ.

बहीण स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. भाचा ऑफिसला निघायच्या बेतात होता, मला पाहून थांबला. मी कागद ओट्यावर पसरले.

‘हे बघ,’ मी त्याला म्हटलं. ‘दहापैकी दोन वर्षं बँक तोट्यात होती. एक वर्ष जेमतेम. तुझं वीस रुपयांचं वर्ष कुठून आलं ते अहवालातच लिहिलं आहे. बुडाली म्हणून आधी सोडून दिलेली कर्जं त्या वर्षी वसूल झाली. ती दरवर्षी होत नाहीत.’

‘मावशी, ते जुनं झालं. वरची माणसं बदलली, बँक सुधरली. तू मेलेल्या वर्षांचा हिशोब करून राहिली.’

‘सुधारली असेल. मी नाही म्हणत नाही. पण बँकेचं चांगलं वर्ष म्हणजे नेमकं काय? त्या वर्षी जी कर्जं वाटली, ती चांगली की वाईट, हे चार-पाच वर्षांनी कळतं. तोवर नफा दिसत राहतो. म्हणून एक वर्ष पाहायचं नसतं.’

‘मंग सारेच लोक येडे आहेत काय?’

‘लोकांच्या आईचा प्लॉट विकलेला नाही.’

माझा आवाज चढला होता. त्याचाही चढला. बहिणीनं भाजीचं ताट बाजूला सारलं.

‘दोघं बी चूप बसा. ताई, मले हे पट अन् टक्के समजत नाहीत. तुया सासऱ्याच्या बागेसारखं सांग.’

मग मी सांगितलं. ही बाग आहे असं समज. गेल्या साली बहार जोरात आला, वीस रुपये दिले. दहा वर्षांचे धरले, सासरे ज्वारीनं करत तशी रुपयाची झीज भरून काढली, तर एका वर्षाला आठ येतात. मालक एकशे साठ मागतो आहे.

‘म्हणजे वीस बहार झाले.’

‘वीस.’

‘अन् सासरे किती देत?’

‘बारा.’

‘मंग परवा सहा काहून म्हटलं होतं तू?’

शेअरचे पाच तुकडे झाल्याचं सांगितलं. ती एकदम हसायला लागली.

‘वाटणीआधीची संत्री धरली तू? आयुष्यभर त्या बुढ्याची वही लिहिली, अन् हेच विसरली?’

भाच्याला वाटलं, बाजी त्याच्याकडे फिरली. ‘पाह्य आई, मी तेच सांगून राहिलो—’

‘तू थांब. तिनं चूक केली, अन् उन्हातानात सांगायले बी आली. तुहा टीव्हीवाला आला असता का?’ मग मला विचारलं, ‘बारा बहारांनी किती होते?’

‘शहाण्णव.’

ओट्याच्या वर भिंतीवर दिनदर्शिका लटकत होती, दूध आणि गॅसच्या खुणा केलेली. तिनं पेन घेतलं आणि महिन्याच्या पानावर नाही, मागच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात ९६ लिहिले. म्हणाली, ‘इतक्यात आली तर मले सांगा. तोवर मी सही करत नाही.’

भाचा दार आपटून गेला. पैसे तिनं मुदत ठेवीत ठेवले, तीन वेगवेगळ्या ठिकाणी. ते तिनंच ठरवलं.

त्यानंतर भाव वाढत गेला. एकशे नव्वद, दोनशे, आता दोनशेच्याही वर. भाचा दर शुक्रवारी ग्रुपवर आकडा टाकतो. दिवाळीला मी अकोल्याला गेले तर मला पाण्याचा ग्लास देऊन तो म्हणाला, ‘मावशी, ज्वारीचा भाव काय आहे?’ सगळे हसले. मी पाणी प्यायले.

तुमच्यापैकी मोठा परवा फोनवर म्हणाला, ‘आजी, ही पद्धत आमच्या कोर्समध्ये होती. तिला मोठं इंग्रजी नाव आहे.’ आणि कौतुक करावं तसं म्हणाला. मला आनंद झाला नाही. जे तुला फी भरून शिकवलं, ते मला ‘तू लिही’ म्हणून गप्प बसवून मिळालं. आणि ते माहीत असूनही तू त्या मेसेजखाली हसलास. धाकटीनंही हसरं तोंड टाकलं, भावानं टाकलं म्हणून. तिला तर कशावर हसतो आहोत तेही माहीत नसेल.

भाव कुठे जाईल, मला माहीत नाही. तो आणखी दुप्पट होईल, किंवा होणार नाही. मी कधीच म्हटलं नव्हतं की तो पडेल. मी म्हटलं होतं की एका म्हातारीचं सगळं असलेला पैसा वीस बहार देऊन घालायचा नाही. या दोन वाक्यांतला फरक शिकलेल्या माणसांना कळू नये, याचा मला राग आहे.

काल दुपारी बहिणीचा फोन आला. मागे टीव्हीवर कोणीतरी शेअरबाजाराचं ओरडत होता.

‘ताई, तुया त्या बँकीचं नवं वर्ष झालं म्हणते. नफ्याचा आकडा आला का?’

‘आला. बावीस रुपये.’

‘मंग जुनं एक साल काढ अन् हे घाल. वाटणी पाहून घालशील, बाई.’

मी फोन तसाच चालू ठेवून पेन्सिल घेतली. सगळ्यात जुनं वर्ष काढलं, नवीन घातलं, बाकीच्या वर्षांना एका वर्षाची महागाई चढवली. सरासरी नऊ रुपये आणि वर थोडे पैसे. बारानं गुणलं.

‘एकशे बारा,’ मी सांगितलं.

पलीकडे पुठ्ठ्यावर पेन फिरल्याचा आवाज आला. मग ती मुलाला म्हणाली, आणि मला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाली, ‘शहाण्णवचे एकशे बारा झाले रे. पण तुहा भाव लयच दूर आहे.’ तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. ती म्हणाली, ‘नाही, मले घाई नाही.’

मी आज सकाळी ग्रुप उघडून पाहिला. तुमची दोन्ही हसरी तोंडं अजून तिथेच आहेत. ती काढा.