स्टेअरिंग उजवीकडं

भावानं पुण्याच्या जुन्या बाजारातून माझ्यासाठी एक खोकं आणलं, तेव्हा माझ्या सासूबाईंना वाटलं, माहेरून साडी आली. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांनी लगबगीनं दोरी सोडली, झाकण काढलं आणि आतला पसारा बघून त्यांचं तोंड एवढंसं झालं.

खोक्यात प्लास्टिकचे तुकडे होते. काही सुटे, काही अजून काड्यांच्या चौकटीला चिकटलेले, आणि तळाशी कुणीतरी अर्धवट जुळवून सोडलेला एका चिमुकल्या मोटारीचा सांगाडा. झाकणावर मात्र त्याच मोटारीचं लालभडक चित्र होतं. बॉनेट उघडं, आत इंजिन, दाराला टेकून उभी एक गोरी बाई. माझा हात थांबेना. मी तिथंच उंबऱ्यात बसून एकेक तुकडा परातीत मांडायला लागले.

“असलं मोडकं कशाला पाठवलं तुझ्या भावानं?” आत्याबाई म्हणाल्या.

“मोडकं न्हाई, आत्याबाई. जोडायचं हाय. कुणीतरी जोडायला घेतलंतं आन् कटाळून इकून टाकलं.”

“मंग त्याला जमलं न्हाई, ते तुला जमंल व्हय?”

हे वाक्य मला नको तिथं लागलं. कारण त्या दिवसांत माझ्या डोक्यात दुसरीच एक गाडी फिरत होती, आणि तिच्याबद्दलही सगळे हेच म्हणाले असते.

आमच्या गावच्या दूध संस्थेत मी दुधाची फॅट काढायचं, म्हणजे नळीत घालून मोजायचं काम करायचे. त्या वर्षी पाऊस झालाच नाही. रब्बीची ज्वारी वीतभर वर आली आणि उभ्या उभ्या वाळली. गावातली जनावरं कडा गावाच्या बाजूला, कारखान्यानं उघडलेल्या चारा छावणीत नेऊन बांधली. आमचे हेही दोन म्हशी आणि एक गाय घेऊन तिकडंच मुक्कामाला होते. आता जनावरं छावणीत म्हणजे दूधही छावणीत. ते संस्थेच्या टेम्पोनं रोज गावात यायचं. आणि नेमका टेम्पोचा चालक बायकोला घेऊन ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघून गेला. लोक मोटारसायकलला कॅन बांधून दूध आणायला लागले, पण ऊन असं तापायचं की निम्मं दूध वाटेतच नासायचं. चेअरमन आमच्या घरी आले, टेम्पोची किल्ली माझ्या सासऱ्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, “पाडव्यापतुर तुमी कुणीतरी चालवणारा बघा. न्हाईतर टेम्पो शेजारच्या गावाला देऊन टाकावा लागंल.”

सासरे म्हणाले, “बघतो.” किल्ली कोनाड्यात ठेवली.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणते. त्यांची उभी हयात गाड्या चालवण्यात गेली. एका डोळ्यानं दिसेनासं झालं तेव्हा डॉक्टरांनी गाडी बंद केली. गावात शिकवणारा असा तो एकच माणूस होता. आणि मला तो टेम्पो चालवायचा होता. अगदी मनापासून चालवायचा होता. माहेरी सिरसाळ्याला बाजाराच्या दिवशी रस्त्यावर टेम्पोंची रांग लागायची, आणि मी भाजी घ्यायची सोडून त्यांच्या चाकांकडं बघत उभी राहायचे. ते वेड लग्नानंतरही गेलं नव्हतं.

तर मामंजींना विचारायचं आणि शिकायचं, एवढंच. पण इथंच घोडं अडलं होतं. मी मामंजींशी बोलत नव्हते. भांडण वगैरे काही नव्हतं. आमच्या घरात सून सासऱ्याशी बोलतच नाही. लग्न होऊन आले त्या दिवसापासून ते मला काही सांगायचं झालं तर आत्याबाईंना सांगायचे, “तिला म्हण, च्या ठेव.” मी स्वयंपाकघरातून आत्याबाईंना म्हणायचे, “त्यांना म्हणावं, साखर कमी टाकू का?” तिघं एवढ्याशा घरात, बोलणं दोघांचं आणि तोंड तिसऱ्याचं. सवयीनं त्यात अवघड असं काही वाटत नव्हतं.

पण ही एक गोष्ट सांगायला आत्याबाईंनी साफ नकार दिला. “च्याचं सांगते, भाकरीचं सांगते. सून टेम्पो चालवायचं म्हणतीय, हे न्हाई बया मी सांगत. तुझं तू बघ.” यांना सांगून बघितलं, तर हे म्हणाले, “मी हितं छावणीत, तू तिथं. तूच सांग की.” मला असा राग आला की मी दोन दिवस भाकरी थापताना परातच बडवली.

अशात ते खोकं आलं.

मी परातीत तुकडे मांडत होते आणि ओसरीवर बाजेवर बसलेले मामंजी पेपराआडून परातीकडं बघत होते. चेहरा पेपरात, चांगला डोळा परातीत. सगळ्यात आधी माझ्या लक्षात आलं की मागचं एक चाक अर्धंच आहे. चाकाचा आतला भाग होता, टायर नव्हता. तीन टायरच्या गाडीचं करायचं काय, हे मला कळेना. एका बाजूला वीट लावून पंक्चर झालेली गाडी म्हणून उभी करावी, असंही मनात आलं. मी आत्याबाईंना तसं म्हणाले.

ओसरीवरनं आवाज आला, “तिला म्हण, उभी गाडी कशाला करायची? गावात एक उभी हाय तेवढी बास.”

हे ऐकून माझ्या अंगात असा उत्साह संचारला की विचारू नका. म्हणजे माणसाचं लक्ष होतं तर! दुसऱ्या दिवशी संस्थेतून येताना मी फॅटच्या नळ्यांना लावायची दोन जुनी रबरी बुचं घेऊन आले. चकतीसारखी कापली तर टायर होईल, फक्त बाकीच्यांपेक्षा जरा लहान.

“आत्याबाई, त्यांना म्हणावं, गाडी एका अंगाला कलंडंल.”

“तिला म्हण, एक बदलायचा नसतो. जोडी बदलायची. मागचे दोन्ही बुचाचे लाव.”

लावले. गाडी मागं थोडी बसली, पण सरळ उभी राहिली. मी अक्षरशः टाळी वाजवली. त्या दिवसापासून दुपार कधी होते याची मी वाट बघायला लागले. फॅट काढायची, नळ्या धुवायच्या आणि धावत घर गाठायचं. मामंजी बाजेवर तयारच असायचे, पेपर तोच कालचा.

मग पुढच्या चाकांवर अडलं. ती दोन्ही चाकं एका बारीक दांडीनं जोडलेली होती, म्हणजे एक वळलं की दुसरं वळणार. पण आधीच्या मालकानं चिकट द्रव असा ओतला होता की सगळं दगडासारखं घट्ट झालं होतं. मला चाकं वळायला हवी होती. न वळणारी गाडी शोकेसात ठेवून काय करायची? मी सुई दिव्यावर तापवून तो चिकटा वितळवत बसले. बोटं भाजली. तिसऱ्या दिवशी चाक कुरकुरलं आणि वळलं. मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की आत्याबाईंच्या हातातलं सूप सांडलं.

“वळलं का?” मामंजी आत्याबाईंना म्हणाले.

“वळलं म्हणावं!” मी आत्याबाईंना म्हणाले.

“मी काय भैरी हाय का?” आत्याबाई दोघांनाही म्हणाल्या.

आता वरचा सांगाडा बसवला की गाडी झाली, अशा आनंदात मी होते. तेवढ्यात मामंजींनी नवं काढलं. “तिला म्हण, स्टेअरिंग उजवीकडं घे.”

गाडी परदेशातली. तिचं स्टेअरिंग डावीकडं होतं. झाकणावरच्या चित्रात तसंच, खोक्यातल्या कागदावर तसंच. आणि आधीच्या मालकानं सगळ्या गाडीत धड असं एकच काम केलं होतं, ते म्हणजे स्टेअरिंग बसवलेली पुढची पट्टी बेमालूम चिकटवली होती. ती उखडायची म्हणजे मोडायचीच.

“आत्याबाई, त्यांना म्हणावं, तिकडं असंच आसतंय.”

“तिला म्हण, तिकडं आसंल. हितं न्हाई.”

“म्हणावं, तुटंल.”

“म्हण, तुटू दे. पर डावीकडं ठेवायचं न्हाई.”

“म्हणावं, मंग एवढी मेहनत केली ती पाण्यात का?”

“म्हण, उजवीकडं.”

आत्याबाईंनी हातातलं निवडणं खाली आपटलं. “मी काय टपाल हाय का? तुमी दोघं आन् तुमची ती गाडी!” असं म्हणून त्या तडक शेजारणीकडं जाऊन बसल्या.

घरात मी, मामंजी आणि अंगणात बांधलेली शेळी. मला मामंजींचा भयंकर राग आला होता. एवढं जमत आलं असताना हा काय हेका? आपली पुरुषी हुकमत दाखवायची, दुसरं काय, असंच मला वाटलं. टेम्पोचा विषय तर मी त्याच क्षणी मनातून काढून टाकला. खेळण्यातल्या गाडीवरही जो माणूस माझं चालू देत नाही, तो खरी गाडी काय हातात देणार? मी रागारागानं ब्लेड तापवलं आणि पट्टीच्या कडेला लावलं. मोडली तर मोडली.

“डावीकडून उचलायला पायजे,” मामंजी म्हणाले. मी बघितलं, तर ते शेळीकडं तोंड करून बसले होते. “मधी घातलं की तडकंल म्हणावं.”

मी थांबले. पदर सारखा केला. मग मीही शेळीकडं बघितलं. “म्हणावं, डावीकडं जागाच न्हाई ब्लेडला.”

“सुई आधी. मंग ब्लेड.”

शेळीनं काहीच म्हटलं नाही. मी सुई तापवली. डावीकडून घातली, जराशी वर केली, मग ब्लेड सरकवलं. पट्टी एका तुकड्यात अलगद सुटून आली. मी मान वर केली तेव्हा मामंजींचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. शेळीच्या मध्यस्थीनं आम्ही पट्टीचं जुनं भोक उरलेली काडी वितळवून बुजवलं, उजवीकडं नवं पाडलं आणि तिन्हीसांजेच्या आत स्टेअरिंग बसवलं. मोकळ्या मनानं सांगायचं तर राग कुठल्या कुठं पळाला होता. माझ्या नेलपॉलिशनं मी गाडी लाल केली. झाकणावरच्या गाडीपेक्षाही जास्त लाल झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती उंबऱ्यावर ठेवली. मामंजी उठून आले. वाकून त्यांनी पुढचं चाक बोटानं वळवलं, दुसरं वळलं, आणि ते हसले. मग कोनाड्यातली टेम्पोची किल्ली काढून त्यांनी ती लाल गाडीशेजारी ठेवली.

“तिला म्हण,” ते आत्याबाईंना म्हणाले, “आपला टेम्पो उजव्या हाताचा हाय. डावीकडचं बघून बघून डोळ्याला तीच सवय लागली आसती, तर पहिल्याच दिवशी बांधावर नेला आसता.”

मी तव्यावरची भाकरी तशीच सोडून उभी राहिले. म्हणजे माझ्या मनातलं त्यांना सगळं माहीत होतं. कधीपासून, कसं, मला अजून कळलेलं नाही. मी इकडं त्यांना शिव्या मोजत होते, आणि ते तिकडं माझी शिकवणी सुरू करून बसले होते. भाकरी करपली. आत्याबाईंच्या ते लक्षातही आलं नाही, त्या किल्लीकडंच बघत होत्या.

गावाबाहेरचा पाझर तलाव त्या वर्षी ठणठणीत कोरडा होता. झाड नाही, माणूस नाही, नुसती भेगाळलेली सपाट जमीन. एरवी तो बघवायचा नाही, त्या दिवशी मला तो मैदानासारखा दिसला. टेम्पोत मी उजवीकडं बसले, मामंजी डावीकडं, आणि मधे, न सांगता, आत्याबाई. गिअरचा दांडा त्यांच्या गुडघ्याला लागत होता, पण त्या हटायला तयार नव्हत्या. “माझ्याबिगर बोलणार कसं तुमी?” म्हणाल्या. लाल गाडी मी काचेसमोर ठेवली होती.

“तिला म्हण, क्लच दाब.”

“ते म्हणत्यात, क्लच दाब.”

दाबला. गिअर मामंजींनीच टाकला. “तिला म्हण, हळूहळू सोड.” आत्याबाई सांगेपर्यंत मी अर्धा सोडला होता. टेम्पोनं गचका दिला, आत्याबाईंनी देवाचं नाव घेतलं, आणि टेम्पो चालायला लागला. माझ्या हातात चालायला लागला! मी हसत होते की रडत होते कोण जाणे, पण समोर तलावाचा भराव जवळ जवळ येत होता आणि माझा पाय उचलता उचलेना.

“तिला म्हण,” मामंजींनी सुरुवात केली, आणि भराव बघून त्यांचा आवाजच बदलला. “ब्रेक! ब्रेक दाब, पोरी!”

मी दाबला. टेम्पो जागच्या जागी थांबला, इंजिन बंद पडलं, लाल गाडी काचेवर आपटून घरंगळत माझ्या मांडीत आली. काचेपुढं हातभर अंतरावर भरावाचे दगड होते.

“ते म्हणत्यात, ब्रेक दाब,” आत्याबाई पुटपुटल्या.

“दाबला, मामंजी,” मी म्हणाले.

आत्याबाईंनी आधी माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. “सरका. आता हितं माझं काय काम?” त्या मामंजींना म्हणाल्या. मामंजी खाली उतरले, त्यांच्यामागून आत्याबाई उतरल्या. पदर खोचला, आणि कोरड्या तलावातून एकट्याच घराकडं चालायला लागल्या.