भिमाजीचं पोट होल्डवर

मला लिहायची सवय नाही. भिमाजीवर एखाद्या चांगल्या लिहिणाऱ्याने लिहायला हवं होतं. पण तसं कोणी त्याच्या ओळखीचं नाही, आणि असतं तरी त्याने ते लिखाण नापास केलं असतं.

भिमाजी कड चाकणजवळच्या गावचा. गावात कंपनी आली, तसा तोही नांगर सोडून कंपनीत आला. मी तिथे स्टोअरमध्ये होतो, तो क्वालिटीत. गाड्यांचे गिअर बनायचे. त्यातले मूठभर उचलून तपासायचे आणि सगळ्या मालावर पासचं हिरवं नाहीतर नापासचं लाल लेबल लावायचं, हे त्याचं काम. पिवळं लेबलही असे. होल्ड, म्हणजे नक्की कळत नाही, बाजूला ठेवा. ते भिमाजीने कधी लावलं नाही. होल्ड लावतो तो डोळे झाकून पगार घेतो, असं तो म्हणायचा. दुसरा नियम म्हणजे, माल कोणी बनवला, कुठल्या मशीनवर बनवला, हे तपासण्याआधी ऐकायचं नाही. आधी ऐकलं की माणसाला तेच दिसतं. कोणी काही सांगायला आलाच तर भिमाजी सरळ कानात बोटं घालायचा. साहेब आले तरी.

निवृत्तीनंतरही खोड गेली नाही. एका मयतीत सरपण ओलं निघालं म्हणून त्याने सगळी लाकडं परत पाठवली. दुसरी येईपर्यंत मंडळी उन्हात उभी. मेलेला तेवढा गप्प होता, बाकीचे नव्हते.

गेल्या वर्षी त्याचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, आत जखम दिसली, तिच्या कडेचे बारीक तुकडे काढले आणि निगडीला डॉ. विजयश्री मॅडमच्या लॅबमध्ये पाठवले. बायकोने, तानाबाईने, देव पाण्यात ठेवले. कॅन्सर हा शब्द घरात कोणी काढत नव्हतं. भिमाजी त्याला नुसतं 'लाल' म्हणायचा, आणि म्हटलं की जेवण अर्धं टाकून उठायचा.

मॅडमनी रिपोर्ट द्यायच्या आधी त्यालाच बोलावलं. सोबत मी. मॅडम म्हणाल्या, पेशी वेड्यावाकड्या दिसताहेत. पण त्या कॅन्सरच्या वाटेला लागल्यात, की जखम भरायच्या घाईत अशा झाल्यात, हे ठरत नाही. मग त्यांनी विचारलं, काही औषधं चालू आहेत का? नळीवाल्या डॉक्टरांनीही हेच विचारलं होतं. तेव्हा भिमाजीने तोंड मिटलं होतं, तसंच आताही मिटलं. मी कोपराने ढोसलं तेव्हा बोलला.

"तपासताय तुमी न्हवं? मंग मी कसं सांगू? आदी सांगितलं तर तुमाला त्येच दिसल."

मी घाईघाईने मॅडमना त्याची कंपनीतली नोकरी आणि तिन्ही लेबलं सांगून टाकली. मॅडमनी चष्मा काढून पुसला.

"काका, मीही आधी काही न विचारताच बघते. बघून झालंय. आता विचारतेय, कारण तुमचं पोट होल्डवर आहे."

"होल्ड लावतो त्यो डोळं झाकून पगार घेतो," भिमाजी म्हणाला. म्हणालाच.

मॅडम चिडल्या नाहीत. शिकणाऱ्या मुलांसाठी त्यांच्याकडे दोघांना एकदम बघता येईल असा मायक्रोस्कोप होता. त्यांनी त्याला समोर बसवलं. गुलाबी-जांभळ्या नक्षीवर बाण फिरवत त्या दाखवत गेल्या. ह्या चांगल्या पेशी, ह्या बिघडलेल्या, आणि ह्या कुठल्या ते तुम्हीच सांगा. भिमाजी डोळा लावून बसला. मान वाकडी केली, सरळ केली, चष्मा लावला, काढला. बाहेर पेशंट खोकायला लागले. मला त्याची पाठ तेवढी दिसत होती, आणि ती हळूहळू खाली येत होती.

"लाल लावलं आणि चुकलं, तर पोट उगाच कापलं जाईल," मॅडम म्हणाल्या. "हिरवं लावलं आणि चुकलं, तर काकूंना काय सांगू?"

"होल्ड," भिमाजी अगदी बारीक आवाजात म्हणाला. मग डोळा न काढताच त्याने सांगितलं, की कंबर दुखते म्हणून औषधाच्या दुकानातून गोळ्या आणतो. रोज. उपाशीपोटी. कधीपासून, ते तानाबाईलाही ठाऊक नाही.

असल्या गोळ्यांनीच पोटात जखम होते, म्हणत मॅडमनी त्या बंद करायला लावल्या. डॉक्टरांनी जखम भरायची औषधं दिली, आणि ती भरल्यावर पुन्हा तुकडे काढले. मधले दिवस भिमाजीने काहीच तपासलं नाही, भाजीत मीठ नव्हतं तरी. तानाबाईला त्याचीच जास्त भीती वाटली.

नवा रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. भिमाजीने मॅडमना फोन करून एकच विचारलं, या वेळीही आधी काही न वाचता बघितलं का? त्या हो म्हणाल्या, तेव्हा कुठे त्याने तानाबाईला देव पाण्याबाहेर काढायला सांगितलं.

देव पुसायला मीही बसलो होतो. खंडोबाचा घोडा एका पायाने लंगडा निघाला. भिमाजीने तो उलटासुलटा करून पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि देव्हाऱ्यात जरा बाजूला ठेवला.