सुनेला लागले पिझ्झ्याचे डोहाळे

आमच्या घराण्यात आजवर एकाही बाळाचे कान फुटलेले नाहीत.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पोटुशी बाईचे डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचे कान फुटतात, असं आमच्याकडे मानतात. (डॉक्टर मानत नाहीत. पण डॉक्टरांना माझ्या बायकोबरोबर संसार करायचा नाही.) आमच्या घरच्या बायकांचे डोहाळे तसे साधे. चिंच, बोरं, आणि फार झालं तर मोसम नसताना संत्री. त्या संत्र्यांसाठी माझे वडील कळमन्याच्या बाजारात पहाटेपासून ठाण मांडून बसले होते आणि पेटी घेऊनच घरी परतले. त्या पेटीचं फळ म्हणजे मी. कान उत्तम आहेत.

आता माझी सून सायली, आमच्या पंकजची बायको. ही सांगलीची. सातवा महिना लागला आणि तिची आई तिला बाळंतपणाला माहेरी न्यायला निघाली. विहीणबाई रात्री गाडीत बसल्या, दुसऱ्या दिवशी दुपारी नागपूरला आमच्या हुडकेश्वरच्या घरी पोचणार होत्या. आणि इकडे सकाळी चहा पिता पिता सायली म्हणाली, "आई, गेले आठ दिवस मला ना एक पिझ्झा सारखा आठवतोय."

माझी बायको शोभा बशी तोंडाला लावत होती. बशी तिथेच थांबली.

"आठ दिवस? अन् आज सांगून राहिली वं?"

"सहज आठवतोय हो. सांगलीला गेले की खाईन."

झालं! शोभानं मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"अजी, समजून राहिलं का तुमाले? पोरगी सात महिने सासरी राह्यली, अन् डोहाळे पुरले माहेरी! विहीणबाई साऱ्या सांगलीले सांगतीन! अन् लेकराचे कान फुटले त?"

"पंकजले सांग ना आणायले."

"पंकज रायपूरले आहे कंपनीच्या कामानं. घरी कोण आहे? आजोबा!"

आजोबा! हा शब्द कानावर पडला की माझ्या अंगात वारं शिरतं. पहिलंच नातवंड हो! माझ्यासाठी माझ्या वडिलांनी संत्री आणली, तर त्याच्यासाठी मी पिझ्झा आणू नये? मी चष्मा पुसला, मोबाइल घेतला आणि सुनेसमोर जाऊन बसलो.

"बेटा, कोणता पिझ्झा होता?"

"नाव नाही आठवत बाबा. कॉलेजात असताना खायचो. घरपोच देतात ना, त्याच कंपनीचा. त्यांच्या स्पेशलमधलाच होता. थोडा तिखट, थोडा गोड, चीज नुसतं ओघळत होतं. आणि वर पनीर... का मशरूम? बाबा, सगळंच होतं त्यात!"

एवढ्या माहितीवर पोलीससुद्धा तपास बंद करतात. पण मी सरकारी कचेरीत रेकॉर्ड खात्यात आयुष्य घालवलेला माणूस. मी कंपनीचं ॲप उघडलं. त्यात स्पेशल म्हणून चार पिझ्झे होते. चौघांची रीतसर तुलना करायची ठरली. तज्ज्ञ म्हणून शेजारच्या कुंदाताईंना बोलावलं. (त्यांचा मुलगा पिझ्झा खातो आणि त्या खोका फेकतात. आमच्या गल्लीत एवढा अनुभव दुसऱ्या कोणाला नव्हता.)

मी मोठ्यानं वाचायला घेतलं. "पहिला, शाही पनीर धमाका. पनीर, कांदा, ढोबळी मिरची, मसालेदार सॉस."

"हे त भाजी-पोळीच झाली," शोभा म्हणाली. "फक्त भाजी पोळीले चिपकवली."

"दुसरा, मेक्सिकन वादळ. तिखट राजमा, हिरवी मिरची, लाल मिरची."

"पोटुशी बाईले राजमा? वादळ कुठं उठन ते समजलं मले! पुढं चला."

"तिसरा, बाग बहार. मशरूम, मक्याचे दाणे, काळे ऑलिव्ह."

शोभानं मोबाइल हिसकावून फोटो पाहिला. "हे काळं काळं काय आहे वं, कुंदा?"

"नळाचे वायसर असते तसंच लागते ते," कुंदाताई म्हणाल्या. "माहा पोट्टा एकेक काढून ताटाच्या काठाले लावते."

"चौथा, चीज धबधबा. मध्ये चीज, वर चीज, आणि कडेच्या आतसुद्धा चीज!"

कडेच्या आत चीज कसं भरत असतील, या विचारात शोभा बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत होती. नंतर तिनं पनीरचा पक्ष घेतला, कुंदाताईंनी धबधब्याचा, आणि मी नावावर भाळून वादळाचा. सायली म्हणाली, "हाच असेल... नाही, हा. बाबा, फोटोत सगळे सारखेच दिसतात हो!"

मग मी तो निर्णय घेतला, जो फक्त आजोबाच घेऊ शकतो. चारही मागवायचे! तेही सर्वांत मोठे! बटण दाबताना माझी छाती अशी फुगली, की शोभानं विचारलं, "गॅस झाला का?"

आता शोभालाही चेव चढला. डोहाळेजेवणात पेढा आणि बर्फी वाटीखाली झाकून ठेवतात आणि पोटुशीनं एक वाटी उचलायची असते, ते तिला आठवलं. "चारी खोके बंद ठेवू. पोरीचा हात ज्याच्यावर पडन, तोच डोहाळ्याचा खरा पिझ्झा!" तिनं हॉलमध्ये पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, निरांजन लावलं.

"मंग पनीर निघालं त पोरगा अन् मशरूम निघालं त पोरगी!" कुंदाताईंनी जाहीर केलं.

"काहून वं? पोरी काय उकिरड्यावर उगवते?"

"मी तसं कुठं म्हटलं? पोरगी गोड, पोरगा तिखट!"

"माहा पंकज तिखट? तो त मिरची पाहूनच पाणी पिते!"

"अहो मावशी," सायली पोट धरून हसत म्हणाली, "आत बाळ आहे, लॉटरी नाही!"

इतक्यात माझा फोन वाजला. पिझ्झेवाल्याचा. "अंकल, आपकी गली में सिमेंट रोड का काम चालू है, गाडी अंदर नहीं आती. मेन रोड पे आ जाओ."

मी खुंटीवरची बाजाराची पिशवी घेतली, स्कूटर काढली आणि सुसाट निघालो. चार भलेमोठे चौकोनी खोके माझ्या हाती आले. गरमागरम! वास असा, की क्षणभर मलाच सातवा महिना लागल्यासारखं वाटलं. पण हे घरी न्यायचे कसे? आडवे काही पिशवीत मावेनात. मग मी ते उभे घातले. चारही एकाशेजारी एक अगदी तंतोतंत बसले! आयुष्यभर मी फायली अशाच ठेवल्या. आडवी ठेवलेली फाईल दबते, खराब होते, उभी फाईल शंभर वर्षं टिकते. हे मी कित्येक नव्या कारकुनांना शिकवलं आहे.

"अंकल, थैली में मत डालो. गोद में रखो," पिझ्झेवाला कळवळून म्हणाला.

"गोदीत? अन् स्कूटर काय पायानं चालवू?"

पिशवी हँडलला अडकवली आणि निघालो. आमची गल्ली म्हणजे तेव्हा अर्धी खोदलेली, अर्धी खडीनं भरलेली. खड्डा आला की पिशवी उडायची, खडी लागली की थरथरायची. नालीवर टाकलेल्या फळीवरून स्कूटर धाडकन खाली आली, तेव्हा पिशवीतून 'फच्च' असा आवाज आला. मला वाटलं, टायर. उतरून टायर पाहिला. ठणठणीत होता. मी मोठ्या समाधानानं पुढं निघालो.

घरी पोचलो तर माझ्या आधी विहीणबाई! गाडी वेळेआधी आली होती. (आयुष्यात पहिल्यांदा. तीही आजच!) रिक्षा मेन रोडलाच सोडून त्या पायी आल्या होत्या आणि फाटकात बॅगा टेकवत होत्या.

"नमस्कार! हे काय, बाजारातून का?" त्यांनी पिशवीकडे पाहून विचारलं.

"डोहाळे!" मी ओरडलो आणि बॅग उचलून द्यायचं सोडून पिशवी घेऊन आत पळालो. सायली पाटावर बसलेली होती. शोभानं तिला ओवाळलं. मी चार खोके ओळीनं मांडले. सायलीनं डोळे मिटले, हात फिरवला आणि पहिल्या खोक्यावर ठेवला.

"शाही पनीर!" शोभानं टाळी वाजवली आणि झाकण उघडलं.

आत एक कोरी पोळी होती. अगदी स्वच्छ. तिच्यावरचं सगळं शाही वैभव खोक्याच्या एका कोपऱ्यात ढीग होऊन बसलं होतं आणि उरलेलं झाकणाला चिकटून लोंबत होतं. दुसरा खोका उघडला. वादळ होऊन गेलेलं होतं. तिसऱ्यातली बाग उजाड! चौथ्यातला धबधबा झाकणाच्या फटीतून बाहेर पडून माझ्या पिशवीत वाहत होता.

शोभा अगदी हळू आवाजात म्हणाली, "तुमी हे उभे आणले?"

"फायली..." मी सुरुवात केली.

"भैताड!" हा शब्द तिनं लग्नानंतर पहिल्यांदा मला तोंडावर म्हटला. (पाठीमागे म्हणते, हे मला कुंदाताईंकडून कळलेलं आहे.)

बाहेर विहीणबाई चपला काढत होत्या. त्यांना काय दाखवायचं? सांगलीला काय बातमी जायची? माझ्या नातवंडाचे कान! शोभा मात्र पदर खोचून उठली. "कुंदा, परात आण!" बघता बघता चारही खोके परातीत रिकामे झाले. पोळ्यांचे तुकडे, त्यावर कोपऱ्यातलं पनीर, राजमा, मका, वायसर, सगळं कालवलं गेलं. माझ्याकडे चार झाकणं देण्यात आली. "त्याले लागलेलं चीज खरडा, अन् तोंड दाखवू नका!"

विहीणबाई आत आल्या. लेकीपुढे परात, परातीत तो लगदा. "अगं बाई! काय हे?"

मी दारामागून पाहत होतो. सायली परातीकडे टक लावून बघत होती. तिचे डोळे भरून आले. गेलं! पोरगी रडणार, माहेरी जाऊन सांगणार, संपली आमची अब्रू! तिनं एक घास उचलला. तोंडात घातला. डोळे मिटले.

"हाच! बाबा, हाच तो!" ती जवळजवळ किंचाळली. "अगदी हीच चव!"

"कोणता गं?" विहीणबाईंनी विचारलं.

"अगं, होस्टेलवर बाहेरचं खाणं चालायचं नाही. आम्ही चौघी चार वेगवेगळे मागवायचो आणि रेक्टरबाईंना दिसू नयेत म्हणून सॅकमध्ये उभे कोंबून वर न्यायचो! खोलीत जाईपर्यंत सगळ्याचा काला! मग घमेल्यात ओतून खायचो. मी आपली ती एकाच पिझ्झ्याची चव समजत होते, ती तर काल्याची होती! बाबा, तुम्हाला कसं कळलं हो?"

शोभा माझ्या आधी बोलली. "अवं, तुह्या सासऱ्यानं खास उभे आणले ते! सकाळपासून तेच सांगून राहिले, पोरीले काला आवडन!" आणि तिनं विहीणबाईंकडे असं पाहिलं, की सांगलीचा निकाल तिथेच लागला. मला इतका आनंद झाला, की दारामागेच मी चारही झाकणं छातीशी धरली. (बनियन अजून पिवळं आहे.)

सायलीनं आडवा हात मारला. विहीणबाई "नुसती चव बघते" म्हणून बसल्या त्या परात रिकामी होईपर्यंत उठल्या नाहीत. कुंदाताईंनी वायसरसुद्धा सोडले नाहीत. संध्याकाळी मायलेकी गाडीत बसल्या तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, "असे डोहाळे कोणी पुरवत नाही हो!" फलाटावर शोभानं माझा हात धरला. स्टेशनवर! नागपूरच्या!

घरी आलो तर पंकजचा फोन. सायलीनं त्याला सगळं सांगितलं होतं.

"बाबा, म्या आयुष्यात एकावेळी चारी स्पेशल नाही खाल्ले! सांगा ना, कोणता भारी होता?"

सकाळपासून अभ्यास केला, तुलना केली, जिवावर उदार होऊन आणले. उत्तर द्यायचा हक्क माझाच होता. मी घसा खाकरला.

"चौथ्याचं झाकण," मी म्हटलं. "पुठ्ठा जरा कडक होता, पण चीज त्यालेच जास्त लागलं होतं."