डाव संपल्यावर बोलू

शुद्धलेखनाच्या चुका आधीच पदरात घ्या. सातवीत शाळा सुटली. मग सातपाटीला होडीवर गेलो, तिथून बोईसरच्या कारखान्यात. भारी शब्द मला येत नाहीत. पण आमच्या जेवणाच्या सुट्टीतले किस्से म्हणजे टोपलीतली कोलंबी. मिशा एकमेकींत अडकलेल्या, एक उचलली की चार येतात!

*

सुट्टीत आम्ही बॉयलरच्या मागे वाघ-बकरी खेळायचो. सिमेंटवर कोळशाने पट आखायचा. वाघ म्हणजे एक जुना नट, बकऱ्या म्हणजे शिंपल्या. वाघ उडी मारून बकरी खातो. बकऱ्यांनी वाघाला कोंडलं की त्या जिंकल्या.

बॉयलरवरचे धर्मामामा जवळच्याच नवापूरचे, आधी मासेमारी करणारे. ते कायम बकऱ्याच घ्यायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "जन्मभर जालं टाकलं. आता म्हातारपणी वाघ होऊन मी एकटा पलू काय?"

*

पगार काढायला कारखान्यात कॉम्प्युटर आला, आणि त्याच्याबरोबर देशपांडे साहेब. तरुण माणूस, डबा घेऊन आमच्यातच बसायचा. एकदा त्यांनी तीन खडे ओळीत आणायचा खेळ कॉम्प्युटरला घातला. सगळ्या चाली त्याने बघता बघता तपासल्या.

साहेब खुशीत सांगायला आले. "मामा, निकाल लागला! दोघंही न चुकता खेळले तर कोणीच जिंकत नाही."

मामांनी भाकरी मोडली. "बरं. पण न चुकणारी दोन माणसं आणायची कुठून?"

*

मग साहेबांनी वाघ-बकरीच घातली. शनिवारी मशीन चालू करून गेले, सोमवारी येऊन बघतात तर बंद! साफसफाईवाला राममिलन समोर उभा.

"साहब, मैंने बंद किया. कोई आदमी था नहीं, अकेला ही सोच रहा था. बिजली बेकार जा रही थी!"

*

साहेब चिडले नाहीत. म्हणाले, "तसंही लवकर संपलं नसतं. पट एका ओळीने वाढवा, काम एका ओळीने नाही वाढत. प्रत्येक चालीला पुढे अनेक चाली, त्या प्रत्येकीला आणखी अनेक. पट खूप मोठा केलात, तर जगातले सगळे कॉम्प्युटर बसवले तरी शेवट सापडायचा नाही."

मामांचं जेवण थांबलं. "कधीच नाय?"

"आपल्या जन्मात तरी नाही."

मामा एकदम खूश! मला तेव्हा कळलं नाही, एवढं खूश व्हायला काय झालं.

*

आता माझं सांगतो. मामांची मुलगी सुमन. घरात ती आणि मामा, दोघंच. आईने माझ्यासाठी मागणीचा निरोप धाडला होता. मी स्वतः बोलणं शक्यच नव्हतं, तिच्यासमोर मला पाणीसुद्धा मागता येत नसे. मामांनी निरोप ऐकला आणि मला म्हणाले, "रविवारी घरी ये. डाव मांडू. डाव संपला की बोलू."

रविवारी गेलो, तर मामांनी अंगणभर पट आखलेला! पडवीपासून विहिरीपर्यंत! शिंपल्यांचं अख्खं टोपलं, आणि माझा वाघ एकटा.

रविवारमागून रविवार गेले. मी पळायचो, मामा घेरायचे. कोंबडी पटावर आली की तिचं मन भरेपर्यंत थांबायचं. सुमन चहा आणून द्यायची आणि ऐकवायची, "तुमच्या डावापायी मला सुकट वालवायला जागा नाय! आणि तुझा वाघ रं, नुसता पलतोच काय?"

*

शेवटी मी देशपांडे साहेबांना गाठलं. "साहेब, एवढ्या पटावर जिंकायचं कसं?"

"ते कॉम्प्युटरलाही सांगता येणार नाही."

"आणि हरायचं कसं?"

साहेब हसले. "अरे, त्याला कॉम्प्युटर कशाला लागतो?"

*

त्या रविवारी मी वाघ नेऊन विहिरीकडच्या कोपऱ्यात घातला. आजूबाजूला बकऱ्याच बकऱ्या. एकच वाट मोकळी.

"मामा, चाल तुमची."

मामांनी कोपऱ्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. शिंपली उचलली, परत होती तिथेच ठेवली. चहा प्यायले. मग विडी शोधायला लागले.

सुमन सुकटीचं टोपलं घेऊन पडवीत उभी होती. टोपलं खाली ठेवून ती सरळ पटावरून चालत आली आणि तिने ती शिंपली मोकळ्या वाटेवर ठेवली.

"कोंडला. बाबा, आता मी सुकट वालत घालते."

मामांनी विडीचा नाद सोडला. मग म्हणाले, "संपला डाव. बोल, काय बोलायचंय?"

दोघंही माझ्याकडे बघत होते.

"मामा," मी म्हणालो, "दुसरा डाव मांडायचा का?"

सुमनने कपाळावर हात मारून घेतला!

*

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी सायकल नवापूरला वळवली. मामा अंगणात वाकून नवा पट आखत होते, आधीच्यापेक्षा मोठा. मी सायकल विहिरीला टेकवली, मामांच्या हातातला कोळसा काढून घेतला, आणि बोललो.